विषाणू: आधी आरोपी, मग औषध. मुंबईतल्या एका जुन्या पेपरची गोष्ट

चिकलठाण्यात आमच्या गल्लीतल्या एका मावशींची सध्या केमो चालू आहे. स्तनाचा कॅन्सर. मध्यंतरी त्यांनी मोबाइलवर आलेला एक मेसेज मला दाखवला: युरोपातल्या एका बाईने स्वतःचा स्तनाचा कॅन्सर गोवराच्या विषाणूने बरा केला. खाली हात जोडलेले इमोजी. मावशी म्हणाल्या, "अगं, तू त्यातलंच शिकतेस ना? गोवराची लस तर सरकारी दवाखान्यात पोरांना फुकट टोचतात. मी घेतली तर?"

"नको" हे उत्तर मी लगेच दिलं. पण "का नको" ते सांगायला बसले आणि अडकले, कारण बातमी खोटी नव्हती. मग जुने पेपर काढून वाचत गेले, तर मध्येच मुंबई लागली. स्तनाचा कॅन्सर आणि विषाणू यांचा संबंध शोधण्याच्या जगभरच्या धडपडीत परळच्या प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे, फक्त तिथे विषाणू औषध म्हणून आला नव्हता, आरोपी म्हणून आला होता. 'पेट' पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांसाठी ही गोष्ट सविस्तर लिहितेय.

सुरुवात उंदरांपासून करू. १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी एक साधा, देखणा प्रयोग केला. प्रयोगशाळेत उंदरांच्या काही जाती अशा होत्या की त्यांच्या माद्यांना स्तनाच्या गाठी हटकून व्हायच्या, आणि काही जातींत क्वचितच. सगळ्यांचा अंदाज होता की हे रक्तातूनच, म्हणजे आनुवंशिकतेने येतं. बिटनर यांनी गाठी होणाऱ्या जातीची पिल्लं जन्मताच आईपासून काढली आणि गाठी न होणाऱ्या जातीच्या मादीच्या दुधावर वाढवली. त्या पिल्लांमध्ये मोठेपणी गाठींचं प्रमाण एकदम खाली आलं. जनुकं तीच, बदललं फक्त दूध. म्हणजे दुधातून काहीतरी जातंय. ते 'काहीतरी' म्हणजे एक विषाणू निघाला, उंदरांच्या स्तनगाठींचा विषाणू. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एमएमटीव्ही म्हणतात.

या प्रयोगात एकच गोष्ट बदलली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, हे डोक्यात असू द्या. पुढे कामाला येणार आहे.

आता परळ. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. तिथली पॅथॉलॉजी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उभी केली, आणि १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर निघालं त्याचे पहिले संचालकही तेच. त्यांच्या हाताखाली पीएचडी केली कमल रणदिवे यांनी. जन्म १९१७, पुणे. माहेरचं आडनाव समर्थ. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडील फर्ग्युसनमध्येच जीवशास्त्र शिकवायचे. एमएस्सीचा विषय काय असावा? सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं! (विषय बदलला म्हणून रडणाऱ्यांनी हे लिहून ठेवा.) १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळाली आणि त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हे तेच गाय, ज्यांच्याकडे १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून जगप्रसिद्ध 'हीला' पेशी वाढल्या.

परत आल्यावर रणदिवे यांनी मुंबईत टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभारली. काचेच्या भांड्यात पेशी जगवायच्या, हे काम आज आपण किट उघडून करतो, तेव्हा माध्यम बनवण्यापासून सगळं हातानं. विषाणूचं कुठलंही काम या पेशींशिवाय पुढे सरकत नाही, कारण विषाणू जिवंत पेशीतच वाढतो. त्यांच्या गटाने स्तनाच्या गाठी होणारी उंदरांची स्वतःची जातही जोपासली, तिला संस्थेच्याच नावावरून आयसीआरसी म्हणतात. एकटा विषाणू किंवा एकटी जनुकं गाठ करत नाहीत, त्यात हार्मोन्सचाही हात असतो, हे ओळखून काम करणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत रणदिवे यांचं नाव घेतलं जातं. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभी करण्यात त्या पुढे होत्या, आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

हे सगळं उंदरांचं झालं. माणसाचं काय?

मुंबईत हा प्रश्न विचारायला एक खास कारण होतं. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत कॅन्सरची नोंदवही सुरू केली, देशातली पहिली. शहरात कोणाला कुठला कॅन्सर होतो ते वस्तीवार, समाजवार मांडता येऊ लागलं. एक गोष्ट ठळक दिसत होती. इतर समाजांतल्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर जास्त, पारशी बायकांमध्ये मात्र स्तनाचा. पारशी समाज लहान, लग्नं बहुतेक आपसांत. उंदरांच्या बंदिस्त जातीसारखंच हे चित्र आहे, असं कोणाच्याही मनात येणार. मग आईकडून मुलीकडे दुधातून काही जातं का?

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला डॅन मूर हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली दूध तपासत होते. मुंबईत त्या यंत्राची जाणकार होत्या सत्यवती सिरसाट. टाटातले सर्जन जे. सी. पेमास्टर यांनी पारशी समाजातल्या कॅन्सरचा अभ्यास केलेला. तरुण संशोधक अखिल वैद्य होते. १९७१ मध्ये 'नेचर'मध्ये पेपर आला, लेखकांच्या यादीत मूर यांच्याबरोबर मुंबईची ही तिन्ही नावं. शीर्षकाचा अर्थ 'माणसातल्या स्तनकर्करोगाच्या विषाणूचा शोध'. त्यात 'शोध' हा लागलेला नाही, घेतलेला आहे. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, मराठीत एकच, आणि त्यामुळे किती घोटाळे होतात!

आकडे असे. उंदराच्या विषाणूसारखे दिसणारे कण सर्वसाधारण अमेरिकन बायकांपैकी सुमारे ५ टक्के जणींच्या दुधात सापडले. घराण्यात स्तनाचा कॅन्सर असलेल्या अमेरिकन बायकांत ६० टक्के. आणि मुंबईच्या पारशी बायकांत ३९ टक्के.

आजही हे आकडे वाचताना अंगावर काटा येतो. ५, ३९, ६०. ज्यांचा धोका जास्त, त्यांच्या दुधात कण जास्त. १९७२ मध्ये टीआयएफआरचे एम. आर. दास, वैद्य, सिरसाट आणि मूर यांनी पुढचं पाऊल टाकलं. पारशी बायकांच्या दुधातल्या कणांमध्ये आरएनए आणि त्याच्यापासून डीएनए बनवणारं एन्झाइम आहे का, ते तपासलं. हे एन्झाइम १९७० मध्येच सापडलेलं, म्हणजे अगदी ताजं हत्यार. त्या जातीच्या विषाणूची खूण म्हणजे ते एन्झाइम. तीही खूण मिळाल्यासारखी दिसली.

आता तुम्ही सिनॉप्सिस तपासणारे गाइड आहात असं समजा. कुठे बोट ठेवाल?

पहिलं बोट 'कण' या शब्दावर. सूक्ष्मदर्शीखाली 'सारखा दिसणारा' कण म्हणजे तोच विषाणू नव्हे. दुधात चरबीचे थेंब, पेशींचे तुकडे, पापुद्र्यांच्या पिशव्या असं बरंच तरंगत असतं. तयारीची पद्धत बदलली की आकार बदलतात. दुसरं बोट गटांच्या आकारावर. घराण्यात कॅन्सर असलेल्या बाळंतिणी शोधणं अवघड, त्यामुळे तो गट अगदी छोटा होता. छोट्या गटात दोन-तीन जणी इकडच्या तिकडे झाल्या तरी टक्केवारी उडी मारते. तिसरं बोट सगळ्यात महत्त्वाचं: पारशी बायका आणि अमेरिकन बायका यांच्यात फक्त दुधाचा फरक होता का? देश वेगळा, आहार वेगळा, नमुने गोळा करण्याची आणि साठवण्याची परिस्थिती वेगळी. बिटनर यांनी एकच गोष्ट बदलली होती, इथे दहा गोष्टी बदलल्या होत्या.

माणसांत पिल्लं अदलाबदल करता येत नाहीत, बरोबर. पण इतिहासाने ती अदलाबदल स्वतःच करून ठेवली होती. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाटलीच्या दुधाचा जोर इतका वाढला की आईच्या दुधावर वाढणाऱ्या मुली कमी-कमी होत गेल्या. आरोपी दुधात असता, तर त्या मुली मोठ्या झाल्यावर स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण पडायला हवं होतं. पडलं नाही. ही टिप्पणीही १९७१ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या प्रयोगशाळांनी दूध तपासलं तेव्हा गटागटांतला तो ठळक फरकही टिकला नाही.

मग पारशी बायकांचं काय? १९७० मध्ये ब्रायन मॅकमेहन आणि सहकाऱ्यांनी जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या बायकांची तुलना करून दाखवलं होतं की पहिलं मूल जितकं उशिरा, तितका स्तनाच्या कॅन्सरचा धोका जास्त. पारशी समाजात शिक्षण लवकर पोचलं, लग्नं उशिरा, काही जणी अविवाहित, मुलं कमी. उत्तर दुधापेक्षा विवाहाच्या नोंदवहीत जास्त होतं.

विषाणूचा धागा पूर्ण तुटला असं मात्र नाही. १९८० च्या दशकात माणसाच्या स्वतःच्या डीएनएमध्येच उंदराच्या या विषाणूशी साम्य असलेले जुने अवशेष सापडले, लाखो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांत घुसून तिथेच राहिलेले. त्यामुळे 'विषाणूची खूण' सापडली की ती बाहेरून आली की घरचीच, हा नवा गोंधळ. गाठींमध्ये उंदराच्या विषाणूसारखे तुकडे सापडल्याचे दावे १९९५ पासून पुन्हा होत आहेत, आणि ते नमुन्यात मिसळलेल्या उंदराच्या डीएनएमुळे दिसतात असे प्रतिदावेही. माझं मत विचाराल तर १९७१ चा तो पेपर चुकीचा नव्हता. त्याने प्रश्न विचारला, शीर्षकातही उत्तर असल्याचा आव आणला नाही. चूक झाली ती वाचणाऱ्यांची. स्तनपान करावं की नाही अशी भीती त्या काळात खरोखरच चर्चेत आली होती. उंदरावरून थेट बाळंतिणीपर्यंत उडी!

आता त्याच १९७१ च्या जुलैत या. परत 'लॅन्सेट', पण खटला उलटा. युगांडात काम करणारे ब्लूमिंग आणि झिगलर यांनी एका आठ वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. डोळ्यापाशी बर्किट लिम्फोमाची मोठी गाठ. कॅन्सरचा उपचार सुरू होण्याआधी त्याला गोवर आला. अंगावर पुरळ आणि इकडे गाठ विरत गेली. म्हणजे एकाच वर्षी एका नियतकालिकात विषाणू आरोपी, दुसऱ्यात मदतीला धावलेला.

ही कल्पना तेव्हाही नवी नव्हती. १९०४ मध्येच फ्लूसारख्या आजारानंतर रक्ताचा कॅन्सर तात्पुरता ओसरलेल्या रुग्ण बाईची नोंद आहे. १९५० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये चेस्टर साउथम आणि अॅलिस मूर (डॅन मूर नव्हेत, आडनावसारखेपणा) यांनी बरे होण्याची आशा संपलेल्या कॅन्सर रुग्णांना वेस्ट नाइल विषाणू दिला. काहींच्या गाठी थोड्या काळापुरत्या कमी झाल्या, आणि काहींच्या मेंदूला सूज आली. याच साउथम यांनी १९६३ मध्ये ब्रुकलिनच्या एका रुग्णालयात वृद्ध रुग्णांना न सांगता कॅन्सरच्या पेशी टोचल्या, आणि त्या प्रकरणानंतर रुग्णाची संमती हा विषय अमेरिकेत ऐरणीवर आला. आज एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना वैताग येतो ना, त्यामागे अशी माणसं आहेत.

मग बराच काळ सगळं थंड होतं. विषाणूला आवरायचं कसं हेच कळत नव्हतं. १९९१ मध्ये रॉबर्ट मार्टुझा यांच्या गटाने नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूचं एक जनुक काढून टाकलं. ते जनुक नसलं तर विषाणूला फक्त भराभर विभागणाऱ्या पेशीतच वाढता येतं. म्हणजे कुलूप आपल्या हातात आलं. त्याच कुळातून पुढे टी-व्हेक नावाचं औषध झालं आणि २०१५ मध्ये त्वचेच्या मेलॅनोमासाठी अमेरिकेत मंजूर झालं. चाचणीत ४३६ रुग्ण होते. टिकाऊ प्रतिसाद टी-व्हेकच्या गटात १६.३ टक्के, तुलनेच्या गटात २.१.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये गाडी अजून मध्येच आहे. दोन उदाहरणं शेजारी ठेवते. २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात ट्रिपल निगेटिव्ह प्रकारच्या ३७ जणींना ऑपरेशनआधी केमोबरोबर टी-व्हेक दिलं. ४५.९ टक्के जणींच्या ऑपरेशनमध्ये कॅन्सर शिल्लक सापडला नाही. छान आकडा, पण फक्त केमो घेतलेला गट त्या अभ्यासात नव्हता, तुलना आधीच्या अनुभवाशी. उलट कॅनडातल्या चाचणीत (२०१८) पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ७४ जणी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन गटांत वाटल्या. एका गटाला पॅक्लिटॅक्सेल, दुसऱ्याला पॅक्लिटॅक्सेल अधिक शिरेतून रिओव्हायरस. आधी जाहीर केलेला निकष होता, आजार किती काळ पुढे सरकत नाही हा. त्यात फरक पडला नाही. एकूण आयुर्मानाचा मध्यांक मात्र १७.४ महिने विरुद्ध १०.४ निघाला. आता जिंकलो म्हणायचं की हरलो? चाचणीआधी जे मोजणार म्हणून लिहून दिलं, निकाल त्याचाच धरायचा. दुसरा आकडा पुढच्या, मोठ्या चाचणीचं कारण होऊ शकतो, एवढंच.

आणि आता मावशींच्या मेसेजमधल्या बाई. बेआटा हलासी, झाग्रेब विद्यापीठातल्या विषाणूतज्ज्ञ. २०२० मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी, स्तन काढलेल्या जागीच कॅन्सर परत आला. त्यांनी प्रयोगशाळेत तयार केलेले विषाणू गाठीत टोचून घेतले, आधी गोवराचा, मग जनावरांत आढळणारा व्हीएसव्ही. त्यांचे डॉक्टर लक्ष ठेवून होते. साधारण दोन महिन्यांत गाठ लहान झाली, मऊ पडली, खालच्या स्नायूपासून सुटली. मग ऑपरेशन करून काढली. नंतर वर्षभर ट्रॅस्टुझुमॅब हे औषध. पेपर २०२४ मध्ये 'व्हॅक्सिन्स'मध्ये आला, तोही डझनावारी नियतकालिकांनी नाकारल्यावर.

मेसेजमध्ये यातलं ऑपरेशन नव्हतं आणि ट्रॅस्टुझुमॅबही नव्हतं. गाठ लहान झाली याचं श्रेय विषाणूला द्यायला हरकत नाही, कारण ती त्याच काळात लहान झाली. पण 'बरी झाली' याचं श्रेय तिघांत कसं वाटणार? एकच रुग्ण, तीच संशोधक, तीच लेखिका.

आता यातला महाराष्ट्राचा धागा. हलासी यांनी वापरलेला गोवराचा स्ट्रेन आहे एडमन्स्टन-झाग्रेब. १९५४ मध्ये बोस्टनजवळच्या एका शाळकरी मुलापासून वेगळा केलेला विषाणू, झाग्रेबमध्ये मानवी पेशींवर वाढवून सौम्य केलेला. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट गोवराची लस याच स्ट्रेनपासून बनवते. म्हणजे मावशींची शंका अगदीच हवेतली नव्हती. दवाखान्यातल्या कुपीत त्याच घराण्यातला विषाणू असतो. सौम्य केलेला गोवराचा विषाणू पेशीवरच्या सीडी४६ या प्रथिनाला धरून आत शिरू शकतो, आणि बऱ्याच कॅन्सर पेशींवर ते जास्त असतं. शिवाय विषाणूविरुद्ध धोक्याची घंटा वाजवणारी इंटरफेरॉनची यंत्रणा अशा पेशींत अनेकदा बिघडलेली असते. पेशी फुटली की गाठीचे तुकडे बाहेर पडतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना ओळखायला शिकते. खरं काम बहुधा तिथे होतं.

पण मात्रा बघा. लसीच्या एका डोसमध्ये किमान १००० संसर्गक्षम एकक विषाणू असावा लागतो. २०१४ मध्ये मेयो क्लिनिकने मल्टिपल मायलोमाच्या दोन रुग्णांना सौम्य केलेल्या गोवराचा डोस शिरेतून दिला तो होता १०० अब्ज एककांचा. एकीचा आजार पूर्ण ओसरला, पण दोघींच्याही अंगात गोवराची अँटिबॉडी जवळपास नव्हती, म्हणून तर त्यांना निवडलं. लस घेतलेल्या किंवा लहानपणी गोवर आलेल्या माणसाच्या रक्तात विषाणू गाठीपर्यंत पोचण्याआधीच अडवला जातो. आणि दंडात टोचलेली लस छातीतल्या गाठीत जात नाही. वर, केमो चालू असताना प्रतिकारशक्ती पडलेली असते, तेव्हा जिवंत विषाणूची लस देतच नाहीत, कारण सौम्य विषाणूही त्या अंगात माजू शकतो.

हे सगळं मी मावशींना सांगितलं, पारशी बायकांच्या दुधासकट. त्या शांतपणे ऐकत होत्या. कॅनडाच्या ७४ जणींपाशी आल्यावर त्यांनी थांबवलं.

"मग ज्यांच्या वाट्याला विषाणू आलाच नाही, त्यांना ते माहीत होतं का गं?"

होतं. ती चाचणी उघड होती, कोणाला काय मिळतंय ते डॉक्टरांनाही माहीत आणि रुग्णांनाही. तुलनेचा गट, तुलनेचा गट असं मी दहा वेळा म्हणाले असेन, पण त्या गटातल्या बायका रोज सकाळी काय विचार करत असतील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मावशींना मी तेवढंच सांगितलं, की हो, माहीत होतं, आणि तरी त्यांनी सही केली होती.